खालून कापलेला लेख

“तडवळकर, बाई फिरली!”

डॉ. हत्तुरे फोनवर नमस्कार वगैरे घालत नसत, पण त्या सकाळी त्यांचा आवाज पार चिरकला होता. मी दात घासत होतो. माझी बायको शैला रिसीव्हर माझ्या कानाला लावून उभी होती.

“कोण बाई?”

“कोण म्हणजे? मंद्रूपकर! तुमच्याच पेपरात आहे आणि तुम्ही मला विचारताय? विधेयकाला ओवाळलंय अगदी. कलमामागून कलम! आणि हिला आपण दिल्लीला पाठवायला निघालो होतो.”

“आपण नव्हे. तुम्ही.”

“बरं बाबा, आम्ही. चुकलं आमचं. संध्याकाळी बैठक आहे. नाव आजच कळवायचंय. तुम्ही तयारीत राहा.”

शैलाने रिसीव्हर जागेवर ठेवला. “काय झालं हो?”

“काही नाही.”

“मग हसताय कशाला?”

मी चूळ भरली आणि पेपर उघडला.

ही वीसेक वर्षांपूर्वीची सोलापूरची हकीकत आहे. दैनिक ‘सीनातीर’मध्ये मी वृत्तसंपादक होतो आणि दर मंगळवारी ‘दुसरी बाजू’ हा स्तंभ लिहायचो. सरकारने माणसाच्या आयुष्यात बेताने हात घालावा, लोकांनी स्वतः उभ्या केलेल्या संस्था मोडू नयेत, जुने पाडण्याआधी ते इतकी वर्षे का उभे होते याची चौकशी करावी, अशी माझी मते होती. आजही आहेत. कचेरीत या मतांचा मी एकटाच. संपादक होनराव, सगळे त्यांना अण्णा म्हणत, जुने समाजवादी. माणूस सज्जन, पण बातमीदार त्यांच्या तालमीतले. विधेयकाच्या बाजूने बोलणारा डॉक्टर आमच्या बातमीत ‘तज्ज्ञ’ असायचा आणि विरोधात बोलणारा ‘खासगी व्यावसायिक’. सरकारी घोषणा पहिल्या पानावर ‘ऐतिहासिक’ व्हायची, तिच्यावरचा आक्षेप पाचव्या पानावर ‘वादग्रस्त’. मी हे स्तंभात लिहायचो, अण्णा ते जसेच्या तसे छापायचे, आणि दुसऱ्या दिवशी पहिले पान पुन्हा तसेच निघायचे.

विधेयक दिल्लीचे होते. देशातले प्रत्येक रुग्णालय, खासगी असो की धर्मादाय, एका जिल्हा प्राधिकरणाच्या ताब्यात जाणार होते. दर दिल्लीत ठरणार. एक खाट वाढवायची तरी परवानगी. मी त्याच्याविरुद्ध सलग लिहीत होतो. खासदारांची एक समिती त्यावर लोकांचे म्हणणे ऐकून घेणार होती आणि छोट्या धर्मादाय रुग्णालयांच्या आमच्याकडच्या संघाला एका माणसाची जागा मिळाली होती. हत्तुरे या संघाचे अध्यक्ष. ती जागा मला मिळेल, असे मी धरून चाललो होतो. इतकी वर्षे हा मुद्दा मांडणारा गावात दुसरा होता कोण?

वर्षभरापूर्वीपर्यंत, कुणी नव्हता.

मग डॉ. इरावती मंद्रूपकर लिहू लागल्या. विडी कामगारांच्या वस्तीत त्यांचे रुग्णालय होते. वस्तीतल्या बायकांनी मजुरीतून दर आठवड्याला थोडे थोडे बाजूला काढून ते उभारलेले. सरकारी अनुदान नाही, कुणा शेठजींचा पुतळा नाही. कार्यकारिणीवर विड्या वळणाऱ्याच बायका. मते म्हणाल तर माझीच. सरकारवर विसंबू नका, हे त्या माझ्यापेक्षा जास्त सांगायच्या. त्यांचा लेख गुरुवारी यायचा, पानाच्या डोक्यावर, फोटोसकट. माझा मंगळवारचा पानाच्या तळाशी, बिनफोटोचा.

मी बाजू मांडली की वाचक शिव्या घालायचे. त्यांनी तीच मांडली की वाचक विचारात पडायचे. कॉलेजातला एक डावा प्राध्यापक, जो मला रस्त्यात पाहून पलीकडच्या फुटपाथवर जायचा, एकदा मुद्दाम रस्ता ओलांडून आला. मला वाटले, मतपरिवर्तन झाले.

“तडवळकर, तुमच्या त्या डॉक्टरबाई काय लिहितात हो! मला एकही वाक्य पटत नाही, पण दोन दिवस डोक्यातून जात नाही.”

“मीही तेच लिहितो,” मी म्हणालो.

“छे हो! तुम्ही कुठं?” म्हणाला आणि पुन्हा रस्ता ओलांडून गेला.

घरीही तेच. शैला गुरुवारचा पेपर माझ्याआधी उचलायची. एकदा मी सहज विचारले, म्हणजे सहज विचारल्यासारखे केले, “माझ्यात आणि तिच्यात फरक काय वाटतो तुला?”

“खरं सांगू?”

“मग काय खोटं सांगणार?”

“तुम्ही लिहिलेलं वाचताना मी तुमच्याशी भांडत असते. त्यांचं वाचताना स्वतःशी.”

त्यावर मी जेवणात मीठ कमी आहे म्हणालो. ते बरोबर होते.

महिन्याभरापूर्वी संघाने दिल्लीसाठी नाव ठरवले, ते त्यांचे. हत्तुऱ्यांनी मला समजूत घालत सांगितले, “तुमचं ज्ञान दांडगं आहे हो. पण त्या बोलल्या की समोरचा ऐकतो.”

तर त्या गुरुवारी मी लेख वाचायला घेतला तो मजा बघायची म्हणूनच. हत्तुरे खोटे बोलत नव्हते. गरीब माणूस रुग्णालयाच्या दारात कसा नागवला जातो, दरपत्रक कसे कुठेच लावलेले नसते, तक्रार कुणाकडे करायची हे कसे कुणालाच ठाऊक नसते, या सगळ्यावर विधेयकाचा उपाय काय, हे त्यांनी ओळीने मांडले होते. अण्णांच्या अग्रलेखातसुद्धा विधेयकाची इतकी भक्कम बाजू आली नव्हती. शेवटचे वाक्य होते : ‘दिल्लीत बसलेल्या माणसांना या वस्तीचे दुःख दिसले, हे नाकारण्यात अर्थ नाही.’

मी दुसऱ्यांदा वाचला. मग तिसऱ्यांदा. चहा तसाच राहिला.

लेख संपला नव्हता. नुसता थांबला होता.

दुपारी कचेरीत गेलो तो थेट गुर्रमच्या टेबलाशी. नरसय्या गुर्रम पाने लावायचा. तेलुगू घरातला, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध, आणि जागेत मजकूर बसवण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता.

“गुर्रम, कालचं संपादकीय पान तू लावलंस?”

“मीच की. का हो साहेब?”

“मंद्रूपकरांचा लेख कापलास?”

“ट्रॅक्टरची जाहिरात आली ऐनवेळी. दोन इंच पाहिजे होतं.” तो शांतपणे म्हणाला. “कापलं खालून.”

“खालून?”

“मग कुठनं कापायचं? तुम्हीच शिकवलंय की. जागा कमी पडली तर शेपटाकडनं यायचं, डोक्याला हात लावायचा नाही.”

हे खरे होते. बातमी लिहिणारा सगळ्यांत महत्त्वाचे पहिल्या ओळीत घालतो आणि उतरत्या क्रमाने खाली येतो, कारण खालचा भाग कधीही उडू शकतो. माझाही स्तंभ तसाच असायचा. पहिल्याच वाक्यात निकाल, मग कारणे. मंद्रूपकरबाई बातमीदार नव्हत्या. त्यांना हे कुणी सांगितले नव्हते आणि इतके दिवस त्यांच्या लेखावर जाहिरातही आली नव्हती.

“अरे, पण वाचून तरी कापायचं!”

“वाचलं की शेवटचं वाक्य. पूर्ण होतं. पूर्णविरामावर कापलंय, मध्येच नाही तोडलं.” त्याला खरोखर वाईट वाटत होते. “तुमचे किती वेळा कापलेत, कधी तक्रार आली का? तुमचा लेख कुठंही कापा साहेब, काही फरक पडत नाही.”

तो मला बरे वाटावे म्हणून बोलला.

“कापलेलं आहे का कुठं?”

“पुसलं. हस्तलिखित रद्दीत गेलं सकाळच्या गाडीनं. मला आठवतही नाही साहेब, काय होतं. एवढी पानं लावतो.”

मी अण्णांच्या खोलीत गेलो. त्यांनी ऐकून चष्मा काढला.

“अरेरे. मला सकाळपासून अभिनंदनाचे फोन येतायत. मला वाटलं, बाईंना उशिरा का होईना, पटलं.”

“पटलेलं नाही. कापलंय.”

“उद्या पूर्ण लेख पुन्हा छापू, दिलगिरीसह. त्यांना विचारून घे.”

“त्या सकाळपासून ऑपरेशनला उभ्या आहेत, फोन लागत नाही. आणि संघाची बैठक आज आहे. उद्या छापून काय उपयोग?”

अण्णांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले. “तुला काय अडचण आहे मुकुंदा? तिचं नाव कटलं तर तूच जाणार ना?”

उत्तर मला माहीत होते, पण ते काही चांगले नव्हते. तिने हरावे असे मला वर्षभर वाटत होते. अगदी मनापासून वाटत होते. पण ट्रॅक्टरच्या जाहिरातीकडून हरलेली बाई माझ्या काय कामाची?

संघाची बैठक हत्तुऱ्यांच्या रुग्णालयाच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये होती. पंधरा-वीस डॉक्टर, विश्वस्त. प्रत्येकाच्या हातात ‘सीनातीर’. मंद्रूपकरबाई आल्या नव्हत्या.

“या तडवळकर,” हत्तुऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली. “विषय एकच आहे. बाईंचं नाव रद्द, तुमचं नाव मंजूर. कुणाची हरकत?”

“एक मिनिट,” मी म्हणालो. “हा लेख अर्धा आहे. खालचा भाग कापला गेलाय.”

गच्ची एकदम पेटली.

“बघा! मी म्हणत होतो ना!” एक हाडांचे डॉक्टर उठूनच उभे राहिले. “होनरावांचं काम आहे हे! तडवळकर, तुम्हीच इतकी वर्षं लिहिताय, पेपरवाले पक्षपाती आहेत म्हणून. आता रंगेहाथ सापडले. उद्याच मोर्चा काढू! तुम्ही राजीनामा द्या, आम्ही तुमचा सत्कार करतो!”

“राजीनामा कशाला? जाहिरात आली म्हणून कापलं. पान लावणाऱ्यानं खालून कापलं. नेहमी तसंच कापतात.”

“तुम्ही त्यांची बाजू घेताय?”

“आमच्या पेपरात पक्षपात आहे. रोज आहे. मी दाखवून देतो, कुठल्या पानावर, कुठल्या शब्दात. पण हा तो नव्हे.”

त्यांचा चेहरा पडला. इतकी तयार चीज हातातून जात होती.

हत्तुरे डोके खाजवत म्हणाले, “पण कापलेलं काय होतं? ते तर तुमच्याकडे नाही म्हणता. कशावरून उरलेल्यात तरी आपली बाजू होती?”

“होती.”

“तुम्ही वाचलंय?”

“नाही. पण सांगू शकतो.” आणि मी सांगितले. “त्या आधी समोरच्याचं सगळं मांडतात, त्याच्यापेक्षा चांगलं मांडतात. पाऊण लेख त्याचा असतो. मग एक परिच्छेद ‘हे सगळे मान्य करूनही’ असा सुरू होतो. इथं त्या वस्तीतल्या बायकांवर आल्या असणार. म्हणाल्या असणार, या बायकांनी रुग्णालय उभारलं तेव्हा दिल्लीला विचारलं नव्हतं. दर त्या ठरवतात, कारण बिल त्यांनाच भरायचंय. डॉक्टर चुकला तर त्या मला खोलीत बोलावून विचारतात. उद्या दर दिल्लीत ठरला की त्या मालकिणी राहणार नाहीत, रांगेतल्या लाभार्थी होतील. प्राधिकरणाकडे अर्ज करतील. दुःख दिल्लीला दिसलं, हे खरं. पण दुःख दिसलं म्हणून घराची किल्ली मागायची नसते. असा शेवट असणार.”

मग कोपऱ्यातल्या एका विश्वस्ताने विचारले, “तुम्हाला हे इतकं कसं माहीत?”

“गेलं वर्षभर त्यांचा प्रत्येक लेख मी तीन-तीनदा वाचलाय.”

“एवढा आवडतो तुम्हाला?”

“नाही,” मी म्हणालो.

काहीजण हसले. त्यांना तो विनोद वाटला.

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. मंद्रूपकरबाई आल्या. केस अजून टोपीने चपटे झालेले, डोळ्यांखाली काळे. त्यांना काहीच ठाऊक नव्हते. हत्तुऱ्यांनी पेपर पुढे केला. त्यांनी उभ्याउभ्याच लेख चाळला आणि शेवटाशी थांबल्या.

“अगंबाई. एवढाच?”

“उरलेला तडवळकरांनी सांगितला,” हत्तुरे म्हणाले. “सांगा हो परत.”

मला परत सांगावा लागला. त्या डोळे बारीक करून ऐकत होत्या. संपल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, “किल्लीचं मी लिहिलं नव्हतं. ते छान आहे. मी आपलं साधंच लिहिलं होतं. पण बाकी सगळं हेच. ‘हे सगळे मान्य करूनही’सुद्धा!”

त्या मनापासून हसल्या. हत्तुऱ्यांनी टेबलावर थाप मारली. “झालं तर मग! गैरसमज दूर. बाईंचंच नाव कायम.”

“थांबा डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “एक राहिलं. अगदी शेवटी एक परिच्छेद होता, तो तडवळकरांनी सांगितला नाही.”

मी मान वर केली. माझ्या हिशेबात काही राहिलेले नव्हते.

“विधेयकातलं एक कलम बरोबर आहे, असं मी लिहिलं होतं. दारात जीव जात असलेला माणूस आला तर त्याच्याकडे अनामत मागायची नाही, आधी आत घ्यायचं. हे कलम ठेवा, बाकीचं विधेयक मागे घ्या. आणि पुढे लिहिलं होतं की, हे एवढं आपण आपलं आपण पाळलं असतं, तर हे विधेयक आलंच नसतं.”

पत्र्याखाली उकडत होते. खुर्च्या करकरल्या.

“बाई, हे काय?” हाडांचे डॉक्टर म्हणाले. “आपल्यातल्या निम्म्यांच्या दारावर अनामतीची पाटी आहे.”

“माहीत आहे मला.”

“म्हणजे आम्हालाच आरोपी करताय?”

“नाही हो. मी आपल्या घरातलं बोलतेय. दुसऱ्यानं येऊन झाडून जाऊ नये असं वाटत असेल, तर झाडू आपल्या हातात नको का?”

हत्तुरे समजुतीच्या सुरात म्हणाले, “इरावतीबाई, लेखात लिहिलंत ते लिहिलंत. छापलं नाही, देव पावला. दिल्लीत तेवढं बोलू नका, म्हणजे झालं. बाकी तुमच्याइतकं छान कोण बोलणार?”

“मला तेच बोलायचंय डॉक्टर. ते एक मान्य केलं तरच ते बाकीचं ऐकतील.”

“संघाच्या वतीनं जाताय तुम्ही.”

“मग संघानं दुसऱ्याला पाठवावं.”

हे त्या रागाने बोलल्या नाहीत. पर्स उचलली, रुग्णालयात एक बाई शुद्धीवर यायची आहे म्हणाल्या आणि निघाल्या. जिन्याशी वळून मला म्हणाल्या, “उद्याच्या अंकात पूर्ण लेख देते, शेवटासकट. तुमची किल्ली वापरू का?”

“वापरा,” मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

दिल्लीला नाव माझे गेले. कुणीच विरोध केला नाही. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते हातात पडले होते, आणि घरी जाताना मी फक्त तो परिच्छेद घोकत होतो. तो मला का सुचला नाही? बाकी सगळा लेख मी तिच्या डोक्यात शिरून लिहिला होता. तेवढीच जागा मला दिसली नव्हती.

दिल्लीला समितीची खोली मोठी होती आणि थंडगार. लांबलचक टेबलापलीकडे खासदार, त्यांच्यापुढे कागदांचे गठ्ठे. माझ्याआधी चार-पाच जण बोलून गेले होते. अध्यक्ष दक्षिणेतले, वयस्क, चष्मा नाकाच्या टोकावर.

मी पहिल्याच वाक्यात निकाल सांगितला. मग कारणे. प्राधिकरणाची रचना, दरांचा घोळ, देशात इतरत्र अशाच कायद्याने बंद पडलेली छोटी रुग्णालये. माझी सगळी माहिती अचूक होती. एक सभासद शेजाऱ्याशी कुजबुजत होते. दुसरे बिस्कीट खात होते. अध्यक्ष माझ्याकडे बघत होते, पण पुढच्या माणसाची वेळ झाली का, असे बघत होते.

मी संपवले. अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे एक प्रश्न विचारला.

“तुमच्या मते या विधेयकात चांगलं असं काहीच नाही?”

संघाने मला याचे उत्तर देऊन पाठवले होते. ‘काहीच नाही.’

“एक कलम आहे,” मी म्हणालो. “दारात आलेल्याकडे अनामत मागू नये, हे. तेवढं ठेवावं आणि बाकीचं मागे घ्यावं. आमच्या गावात डॉ. इरावती मंद्रूपकर म्हणून आहेत, हे म्हणणं त्यांचं आहे, संघाचं नाही. त्या म्हणतात, हे आम्ही डॉक्टरांनी आणि विश्वस्तांनी आपलं आपण पाळलं असतं, तर तुम्हाला हे विधेयक आणावंच लागलं नसतं.”

बिस्कीट हातातच थांबले. कुजबुज बंद झाली. टेबलाच्या टोकाची एक बाई, जी मघापासून खिडकीबाहेर पाहत होती, माझ्याकडे वळली.

अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला आणि पहिल्यांदाच पेन हातात घेतले.

“नाव सांगा,” ते म्हणाले.

मी म्हणालो, “मुकुंद तडवळकर.”

“तुमचं आहे आमच्याकडे,” ते म्हणाले. “त्या डॉक्टरांचं.”